डागाचं मीठ

केशव,

आज तुला ‘तू’ म्हणते. लहानपणी म्हणतच होते. माझी आई गेल्यावर आत्यानं मला आरमोरीहून बल्लारपूरला आपल्या घरी आणलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू माझी पाटी फोडलीस आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. पुढे त्याच आत्यानं मला सून करून घेतलं. हळदीच्या दिवशी मला बाजूला नेऊन म्हणाली, "आता त्याले तुम्ही म्हणत जा बाई, लोकं हासतात." तेव्हापासून तुम्ही. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळीही तुम्हीच. मनात मात्र तू कधी तुम्ही झाला नाहीस.

तेरवी झाली. मांडवाचे बांबू गेले, मागून आणलेली भांडी गेली, तुझी बहीण चांद्याला परत गेली. घरात आत्या आणि मी. मागच्या छपरीत स्पिरिटचा वास अजून आहे. सकाळी वारा त्या बाजूनं आला की मला वाटतं तू उठून कामाला लागलास. मी चहाचं आधण दोघींचं ठेवते, आत्या तिघांचं ठेवते.

आणि केशव, मी आत्याला सांगितलं. तू सांगू नको म्हणाला होतास ते सगळं सांगितलं. तुझ्याशी बोलायला बसले ते एवढ्यासाठीच. रागावणार असशील तर आधी ऐकून घे.

तू नागपूरला उस्तादाकडे पॉलिश शिकून परत आलास त्या वर्षी मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. तू एका जुन्या डब्यातून चपडा लाख, पोटलीसाठी कापूस, काचकागद आणि ते पांढरं मीठ घेऊन आलास. ऑक्झॅलिक ॲसिड हे नाव तू उस्तादाकडून पाठ केलं होतंस, पण घरात सगळ्यांसाठी ते डागाचं मीठ झालं. आपल्याकडे साग चांगला, पण लोखंडाशी त्याचं जमत नाही. खिळा मारला की भोवती निळंकाळं उतरतं. जंगलातल्या डाकबंगल्यांची टेबलं तर तुझ्याकडे यायची तीच किटल्यांची आणि कंदिलांची काळी कडी घेऊन. तू गरम पाण्यात ते मीठ विरघळवायचास, चिनी मातीच्या भांड्यातच, धातूच्या कधीच नाही, आणि काठीला चिंधी बांधून डागावर फिरवायचास. मग विडी ओढत बसायचास. विडी संपेपर्यंत काळं कडं तपकिरी व्हायचं, मग पिवळं, मग लाकूड आत्ताच करवतून निघाल्यासारखं. खुर्च्यांचा वेतही तू असाच उजळायचास.

माझ्या पांढऱ्या लुगड्यावर शाळेतली दौत सांडली तेव्हा मी रडवेली होऊन आले होते. दोनच लुगडी होती शाळेची. तू ते बशीवर ताणलंस आणि एकेक थेंब सोडत गेलास.

"हे पाह्य लीला," तू म्हणालास, "गेला. पण आता लगेच सोड्याच्या पाण्यानं धुवाव लागते. नाई तर डाग खाऊन झाला की कपडा खाते थे."

लग्नाला महिना झाला नव्हता. तेवढ्या पांढऱ्या जागेकडे बघत मी बराच वेळ उभी राहिले होते. मला वाटलं, या माणसाजवळ राहिलं तर काही बिघडलं तरी दुरुस्त होईल.

पण ते मीठ तुलाही खात होतं आणि ते मला दिसत होतं. तुझी नखं पांढरट पडून चिरायला लागली. उन्हाळ्यात तू ते कुटून चाळायचास तेव्हा नाकाला पंचा बांधूनही शिंकत सुटायचास, एकदोनदा पंच्यावर रक्त आलं. हात सोड्यानं धुतल्याशिवाय तू भाकरीला शिवायचा नाहीस, मला छपरीतल्या भांड्यांना हात लावू द्यायचा नाहीस. तुला धोका माहीत होता. म्हणूनच आपलं भांडण लांबलं. तू निष्काळजी असतास तर मी एकदाच ओरडून मोकळी झाले असते.

आपलं भांडण असं. मी म्हणायचे, हे मीठ घरात नको. तू म्हणायचास, पावसाळ्यात छपरीत त्याचे गोळे होतात, फडताळातच ठेवावं लागतं. मी डब्यावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून दिलं. तू हसलास.

"माय वाचते का? शाळेतल्या बाई तू, ती नोय."

मग तू डब्याला लाल चिंधी बांधलीस आणि आत्याला बोलावून दाखवलंस. "माय, हे तेजाब हाय. हात नोको लावू." आत्यानं डब्यात डोकावून पाहिलं. तिला तेजाब माहीत होतं, सोनाराकडचं, बाटलीतलं, धूर निघणारं. साखरेसारख्या दाण्यांना तेजाब म्हणायला तिचं मन तयार होईना. तरी ती म्हणाली, "बरं बापा, लाल चिंधीवाल्या डब्याले हात नाई लावत." आणि केशव, तिनं तो शब्द पाळला. त्या डब्याला तिनं कधीच हात लावला नाही.

चिंधी डब्याला होती. पुडीला नव्हती.

पोळा तोंडावर आला होता. तू आलापल्लीच्या रस्त्यावरच्या डाकबंगल्यावर काम धरलं होतंस. डबा जड म्हणून त्यातलं थोडं मीठ वर्तमानपत्रात बांधून थैलीत टाकून नेलंस. पाऊस लागून राहिला, लाकूड सुकेना, तू काम अर्धवट टाकून मोटारीनं परत आलास. भिजलेली थैली खुंटीला अडकवलीस आणि जेवून झोपलास. निघताना आत्यानं तुला सांगितलं होतं, "येताना जुलाबाचं मीठ आणजो, डब्यातलं सरलं." ते तू विसरलास. आत्यानं सकाळी थैली वाळत घालायला उलटी केली. आत पांढऱ्या मिठाची पुडी. पोरानं लक्षात ठेवून आणलं, म्हणून तिला बरं वाटलं असणार. तिनं ते आपल्या औषधाच्या डब्यात ठेवलं.

तू उठलास तो पोट धरून. दोन दिवस बाहेरचं खाऊन पोट गच्च झालं होतं. आत्या म्हणाली, थांब, देते. कोमट पाण्यात ढवळून तिनं पेला आणून दिला. जुलाबाचं मीठ कडू, म्हणून तू ते लहानपणापासून श्वास धरून एका घोटात प्यायचास. तसाच प्यालास.

मी तेव्हा विहिरीवर होते. तू मागच्या दारानं आलास. चालत आलास, धावत नाही. तुझे ओठ पांढरे पडले होते. तू माझा दंड धरलास आणि हळू आवाजात म्हणालास, "लीला, तुह्या शाळेचे खडू कुठी हायेत? कडू नोयतं ते. आंबट होतं."

मला कळायला एक क्षण लागला. मग माझ्या हातातली बादली विहिरीत गेली. उस्तादानं तुला शिकवलं होतं, हे मीठ पोटात गेलं तर चुना, खडू, नाहीतर भिंतीचा पोपडा, जे मिळेल ते पाण्यात कालवून प्यायचं, वर दूध. शाळेच्या पिशवीत खडूची पेटी होती. मी पाट्यावर खडू ठेचत होते आणि तू विहिरीच्या काठाला टेकून ओकत होतास, पुन्हा पीत होतास. तोंडाला पांढरा फेस, तो खडूचा की कशाचा ते कळत नव्हतं.

आत्या दारात आली. "काय झालं वं?"

तू तोंड पुसलंस. मला वाटलं तू आता सांगशील. तू म्हणालास, "काई नाई माय. डाकबंगल्यावर शिळं खाल्लं होतं. निघून राह्यलं सारं. बरंच झालं."

"मीठ लागलं मंग," आत्या म्हणाली, समाधानानं.

मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू मान हलवलीस. इतकीशी. मला ती मान अजून दिसते. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू मोडला की दिसते. मुली विचारतात, बाई, थांबल्या काऊन?

डॉक्टर आले. मी त्यांना ओसरीतच खरं सांगितलं, हळू. त्यांनी मला विचारलं, किती गेलं? पुडी कुठे आहे? मी घरभर शोधलं. चुलीजवळ वर्तमानपत्राचा रिकामा कागद सापडला. सगळं एकाच पेल्यात गेलं असं आम्ही धरलं, आणि कागद चुलीत घातला. डॉक्टर म्हणाले, खडूनं वाचवलं, पण हे विष पोटात थांबत नाही, ते मूत्रपिंडात जाऊन बसतं. लघवी होते की नाही याकडे लक्ष ठेवा. आणि नागपूरला न्या. आजच.

तू ऐकलं नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी तू बरा झालास. मी कुणाला सांगायला गेले तर खोटं वाटेल, पण तू खरंच बरा झालास. उन्हात खाट टाकून बसलास, मऊ भात खाल्लास, तोंडातल्या फोडांमुळे बोबडं बोलत आत्याला हसवलंस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गल्लीतली पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन दारात उभी. तू त्यांना परत पाठवलं नाहीस. एकेक नंदी मांडीवर घेऊन लाखेचा हात मारून दिलास. एका नंदीच्या पाठीवर खिळ्याचा काळा डाग होता. पोरीनं विचारलं, "केशवकाका, हा डाग काढा ना." तू म्हणालास, "राहू दे बेटा. बैलाले डाग असतेच." मी आतून ऐकलं. तू जिंदगीत पहिल्यांदा डाग राहू दिलास आणि मला त्यातून काही समजायला हवं होतं की नाही, कुणास ठाऊक. मला तर वाटलं, संकट टळलं. मी देवापुढे साखर ठेवली.

तुझा चेहरा सुजतोय हे आधी माझ्या लक्षात आलं, मग आरशात तुझ्या. उचक्या लागल्या. मी विचारलं, "लघवी?" तू म्हणालास, "कालपासून नाई." तेवढंच. मग तू आत्याला हाक मारलीस आणि इतक्या सरळ आवाजात बोललास की मीसुद्धा फसले असते.

"माय, तू महाकालीले नवस बोलली होती ना मह्यासाठी? जाऊन ये. ताईकडे राह्य दोन रोज. मले नागपूरले जा लागते, लाख आणाची हाय. लीलाले नेतो संग, दवाखानाबी दाखवून येतो."

आत्या नवं पातळ नेसून चांद्याला गेली. मोटारीत चढताना तिनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गोंडस झाला चार दिवस घरी बसून." ती तुझी सूज होती, केशव.

आगगाडीत तू खिडकीशी डोकं टेकून बसला होतास. वरोरा गेलं तेव्हा तू डोळे उघडलेस.

"मायले कधीच सांगू नको."

"तुम्ही बरे झाले की तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"नाई झालो तर?"

मी तुझ्या कपाळावरचा घाम पुसला.

"तिच्या हातून झालं, हे तिले समजलं तर ती जगंल का? तुले इचारून राह्यलो. पोलिसानं इचारलं तर मी सांगतो, मीच भुलून घेतलं. तू शपथ घे."

"आत्या लहान पोर नाही."

"शपथ घे, लीला."

समोरच्या बाकावरची बाई कान देऊन ऐकत होती. मी बाहेर पाहत राहिले. पऱ्हाटीची शेतं मागे जात होती. तू पुन्हा डोळे मिटलेस. माझ्या गप्प बसण्याला तू होकार समजलास, मला माहीत आहे, कारण त्यानंतर तुझा चेहरा सैल झाला. पण मी शपथ घेतली नव्हती. हे तुला जिवंतपणी सांगायचं राहिलं, म्हणून आता सांगते. मी नाही म्हणायला तोंड उघडणारच होते. तू इतका थकलेला दिसलास की म्हटलं, उद्या भांडू.

दवाखान्यात पोलिसाला तू तेच सांगितलंस. मग तुला गुंगी येत गेली. मधेच तू मला लहानपणच्या नावानं हाक मारलीस, मधेच उस्तादाशी बोललास, भांडं बदला म्हणालास, हे लोखंडाचं आहे. त्या सकाळी मी तुम्हाला पाणी देऊ का असं विचारलं आणि उत्तर आलं नाही.

तार मिळून आत्या आणि ताई आल्या तोवर तुला पांढऱ्या चादरीत बांधलं होतं. आत्याच्या पदराला महाकालीचा अंगारा बांधलेला होता. तिनं तो सोडला आणि कुणाला लावायचा ते तिला समजेना. शेवटी तिनं माझ्या कपाळाला लावला.

त्यानंतर घरात जो येईल त्याला ती एकच सांगायची. "माह्या मिठानं बरा झाला होता हो. साऱ्यांनी पाह्यला. खाटेवर बसून हासून राह्यला होता. नागपूरच्या दवाखान्यानं मारला त्याले." तेरवीपर्यंत हे मी किती वेळा ऐकलं. दरवेळी मी आत जायचे. एकदा शेजारच्या शेवंतानं कुणाकडून तरी मिळालेली चुक्याची भाजी आणून दिली. आत्यानं माझ्या ताटात वाढली. डॉक्टरांनी मला बोलता बोलता सांगितलं होतं की हेच आम्ल चुक्यात, अंबाडीत थोडं थोडं असतं, तेवढ्यानं माणसाला काही होत नाही. मला माहीत होतं काही होत नाही. पण तो आंबट वास आला आणि मी ताट सोडून विहिरीवर गेले.

तरीही मी सांगितलं नसतं, केशव. तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण आत्याच्या तोंडाकडे पाहिलं की माझी जीभ रेटत नव्हती. तिला एवढाच आधार होता, की तिच्या हातानं तुला बरं केलं होतं.

गेल्या सोमवारी शाळा दुपारी सुटली. मी घरी आले तर शेवंता ओट्यावर बसलेली. तिच्या सासऱ्याचं पोट धरलं होतं. आत्या आपला औषधाचा डबा उघडून बसली होती, तिचं तुझ्यामागे पहिल्यांदाच कशात तरी मन लागलेलं दिसत होतं. ओव्याची पुडी, हिरडा, सुंठ, एकेक बाजूला ठेवत होती. आणि तिनं तळातून एक लहान पुडी काढली.

"हे घे. माह्या लेकानं आणलं होतं. अर्धं त्याले देलं, अर्धं मी बांधून ठेवलं होतं. शेवटचं हाय, पण घेऊन जा. कोमट पाण्यात देजो."

शेवंतानं हात पुढे केला होता. मी ती पुडी हिसकावून घेतली. इतक्या जोरात की आत्याच्या बोटाला माझं नख लागलं.

"काऊन ओढली?" आत्या दचकली. "लीला?"

"शेवंताताई, तुम्ही घरी जा. आबाजींना डॉक्टरकडे न्या. आमच्या घरचं काही देऊ नका."

शेवंता गेली. जाताना दोन वेळा मागे वळून पाहिलं तिनं. आत्या डब्यासमोर तशीच बसून होती.

"काय हाय त्या पुडीत?"

मी म्हणाले, "आत्या, हे जुलाबाचं मीठ नाही. हे केशवचं आहे. डागाचं."

"थे लाल चिंधीच्या डब्यात हाय. म्या हात नाई लावला."

"हे त्यातलंच. तो डाकबंगल्यावर घेऊन गेला होता. थैलीत राहिलं."

ती नाही म्हणत राहिली. तिनं माझ्या हातातली पुडी उघडून दाखवली, हे बघ कसं बारीक आहे, हे बघ कसं पांढरं. मला शब्दांनी तिला पटवता येईना. आत्या ज्यावर बसली होती तो पाट तूच केलेला, सागाचा, त्यावर लोखंडी कढईचं काळं कडं उमटलेलं. मी तिला उठवलं. चिमूटभर मीठ बशीत गरम पाण्यात विरघळवलं, चिंधीनं त्या काळ्या कड्यावर लावलं, आणि आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो.

काळं तपकिरी झालं. आत्या वाकून पाहत होती. तपकिरी पिवळं झालं. मग पाट आत्ताच करवतून निघाल्यासारखा. तिनं तिथे बोट लावायला हात पुढे केला, मी तो धरला. माझ्या हातात तो हात जड झाला.

"जुलाबाच्या मिठानं नाई जात डाग," ती म्हणाली.

"नाही."

"आन् त्याले माहीत होतं?"

"पहिल्या घोटाला समजलं त्याला."

मग मी सगळं सांगितलं. खडू. ओकाऱ्या. डॉक्टर. आगगाडी. तू पोलिसाला काय सांगितलंस ते. ती रडेल, डोकं आपटेल, तुझी भीती खरी ठरेल, म्हणून मी दाराला कडी लावून बसले होते. ती रडली नाही. ती रागावली. माझ्यावर नाही. केशव, ती तुझ्यावर रागावली. तू मोठा झाल्यापासून मी तिला इतकी रागावलेली पाहिली नव्हती.

"मले महाकालीले पाठवलं त्यानं," ती म्हणाली. "मराले निघाला आन् मले नवं पातळ नेसवून मोटारीत बसवून देलं. माह्या हातानं झालं तर झालं, पण मांडी माही होती ना. शेवटी डोकं ठेवाले माही मांडी होती. थे काऊन नेली त्यानं माह्यापासून? कोण म्हणलं होतं त्याले मले वाचवाले?"

तुला याचं उत्तर देता येतं का? मी त्या दिवसापासून तुझ्या बाजूनं काही सापडतं का पाहते आहे. तुझी दया खरी होती. पण तिनं आत्याचे चार दिवस घेतले, आणि मी त्या दुपारी जरा उशिरा आले असते तर शेवंताच्या सासऱ्यालाही घेतलं असतं. तुला हे माहीत असतं तर तू स्वतःच धावत येऊन सांगितलं असतंस, एवढं मी तुला ओळखते. म्हणून मी क्षमा मागत नाही.

लाल चिंधीचा डबा आणि ती पुडी आम्ही दोघींनी मिळून संपवली. परसात खड्डा मी खणला. चुना आत्यानं भिजवला, कुणाला हात लावू दिला नाही. मीठ त्यात ओतताना फसफसलं, ती टक लावून बघत उभी राहिली आणि फेस बसल्यावर वर माती तिनंच ओढली. छपरीतलं बाकीचं सामान तसंच आहे. डाकबंगल्यावरून उजळायला आलेल्या खुर्च्या न्यायला तिथला माणूस आला होता, म्हणाला, तशाच द्या, साहेब बसतात त्याच्यावर, डाग कोण बघतं. तो घेऊन गेला. त्या काळ्या वेताच्या खुर्च्या बैलगाडीत एकावर एक रचलेल्या, चौकातून वळेपर्यंत मी पाहिल्या. यासाठी तू गेलास, असं मनात आलं, आणि मग आलं, नाही, यासाठी नाही, कशासाठीच नाही.

आत्या जगली. तुला वाटलं होतं जगणार नाही. जेवते, झोपते, माझ्या वेण्यासुद्धा घालून देते. लोकांना दवाखान्याचं सांगायचं तिनं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणते, "माह्या हातून भूल झाली," आणि समोरच्याला पुढचं विचारता येत नाही. शेवंता आता आमच्या घरचं पाणीही घेत नाही. आत्यानं तेही बघितलं.

पण तिनं एक धरलं आहे, आणि ते मला कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते. ती आता सगळं आधी स्वतःच्या जिभेवर ठेवते. मीठ, साखर, पीठ, विहिरीचं पाणी. माझ्या चहाचा पहिला घोट ती घेते. मी म्हटलं, आत्या, असं करू नका. ऐकत नाही.

काल मला ताप होता. डॉक्टरांनी बाटलीतून औषध दिलं, वर कागदाच्या खुणा चिकटवलेल्या. मी निजून होते. आत्यानं बूच काढलं, औषध वाटीत ओतलं आणि ती वाटी स्वतःच्या तोंडाला लावली. मग माझ्या उशाशी पदर सावरून बसली, दोन्ही हात मांडीवर, डोळे समोर. स्वतःच्या आत काही होतं का, हे ऐकत बसली होती. मी हात पुढे केला.

तिनं तो हलकेच बाजूला सारला.

"थांब," ती म्हणाली. "पहिले माह्या पोटात जाऊ दे."